सीआय सांभाळणाऱ्या भाचीला कानमंत्र

अगं, पॅकेजच्या किल्ल्या तुझ्या हाती देताना चार गोष्टी सांगाव्यात म्हणून लिहायला बसले, आणि यादी वाढतच गेली. तसं आपलं पॅकेज लहानच. पावसाच्या नोंदी वाचायच्या, बेरजा-सरासऱ्या काढायच्या. नम्पाय, पांडाज आणि एक्सअरे यांच्या आधाराने उभं, पोटात थोडासा सायथनचा कोड. पण ते वापरणारा माणूस आपल्याला दिसत नाही. तो पिपने पॅकेज उतरवून घेतो, फाइल लावतो, आणि जो आकडा येईल तो प्रबंधात लिहितो. वेबसाइट बंद पडली तर पाच मिनिटांत फोन येतो. सरासरी चुकली तर दोन वर्षांनी कुणीतरी पत्र लिहितं, तेही लिहिलं तर. त्या न दिसणाऱ्या माणसाच्या आणि चुकीच्या आकड्याच्या मधे आपल्या टेस्ट आणि रिलीजची साखळी उभी असते, म्हणून तिची एवढी काळजी करायची.

खालच्या बहुतेक चुका मी केलेल्या आहेत, म्हणून हक्काने सांगते. सावकाश वाच. एका बैठकीत सगळं पाठ करायला ही काही परीक्षा नाही.

१. सकाळी चहाबरोबर मुख्य ब्रांचची खूण बघ, आणि ती लाल असेल तर नवं काम हातात घेण्याआधी हिरवी कर — लाल खुणेची डोळ्यांना तीन दिवसांत सवय होते, आणि चौथ्या दिवशी त्याच लालाखाली दुसरी, खरी चूक येऊन बसते. रोज रडणाऱ्या पोराचा ताप आईलाही उशिरा कळतो.

२. कधी पास, कधी फेल अशी लहरी टेस्ट दिसली की 'पुन्हा चालव' बटण दाबण्याआधी तिची तारीख टाकून नोंद कर. तिसऱ्या नोंदीला ती दुरुस्त कर, नाहीतर कारण लिहून बाजूला काढ — त्या बटणाची चटक लागली की खरीखुरी फुटलेली टेस्टही माणूस दोनदा फिरवून हिरवी करून घेतो.

३. बाजूला काढलेल्या टेस्टवर पायटेस्टची 'एक्सफेल' खूण लावशील तेव्हा तिच्याबरोबर 'स्ट्रिक्ट'ही लाव — म्हणजे ज्या दिवशी ती पुन्हा पास होईल त्या दिवशी सीआय स्वतःच सांगेल. नाहीतर माळ्यावर टाकलेल्या पाटा-वरवंट्यासारखी ती तिथेच राहते.

४. प्रत्येक जॉबला वेळेची मर्यादा घाल, आपल्याला वीस मिनिटं पुष्कळ झाली — गिटहब ॲक्शन्सवर काही लिहिलं नाही तर अडकलेला जॉब सहा तास बसून राहतो आणि मागच्यांचा खोळंबा होतो.

५. मॅट्रिक्समधलं 'फेल-फास्ट' बंद ठेव — ते मुळात चालू असतं, त्यामुळे विंडोजवर एक टेस्ट पडली की लिनक्स आणि मॅकचे जॉब अर्ध्यावर थांबवले जातात, आणि दुखणं एकट्या विंडोजचं की घरभराचं ते कळत नाही.

६. यॅमल फाइलमध्ये पायथनची आवृत्ती अवतरणचिन्हांत लिही — नाहीतर ३.१० ला दशांशातला आकडा समजून यॅमल त्याचा ३.१ करतं.

७. टेस्ट चालवण्याच्या आज्ञा वर्कफ्लोच्या फाइलमध्ये कोंबू नकोस. त्या नॉक्स किंवा टॉक्सच्या फाइलमध्ये ठेव आणि वर्कफ्लोने नुसती हाक मारावी — म्हणजे सीआयवर जे चालतं तेच तुझ्या लॅपटॉपवर एका ओळीत चालतं, आणि उद्या घर बदलावं लागलं तर सामान बांधलेलं असतं. कित्येक वैज्ञानिक पॅकेजं ज्या ट्रॅव्हिसवर वाढली, त्याची मोकळ्या प्रकल्पांसाठीची जुनी जागा जून २०२१ मध्ये बंद झाली. ज्यांच्या आज्ञा वेगळ्या फाइलमध्ये होत्या ते एका दुपारीत दुसरीकडे राहायला गेले.

८. जॉबच्या सुरुवातीला, काहीही चालवण्याआधी, बसवलेल्या सगळ्या पॅकेजांची यादी लॉगमध्ये छाप — काल हिरवं होतं आणि आज कोडला हात न लावता लाल झालं, तर दोन याद्या शेजारी ठेवल्या की दोषी डिपेन्डन्सी मिनिटभरात सापडते. गिटहब हे लॉग मुळात ९० दिवसच ठेवतं, तेव्हा महत्त्वाचा वाटला तर उतरवून घे.

हे झालं दाराबाहेरचं. आता टेस्टच्या पोटात शिरू. आपल्या धंद्यात टेस्ट लिहिणं म्हणजे 'दोन अधिक दोन चार' नव्हे. इथे उत्तर दशांशात येतं, यंत्रागणिक किंचित हलतं, आणि तरी ते बरोबरच असतं. हे 'किंचित' म्हणजे किती, ते ठरवण्यात आपलं सगळं कसब आहे.

९. दोन दशांशांची तंतोतंत बरोबरी तपासू नकोस — पायथनला ०.१ आणि ०.२ ची बेरीज विचार, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, आणि त्यात कुणाची चूक नसते.

१०. नम्पायच्या 'असर्ट-ऑलक्लोज'ला निरपेक्ष सूट स्वतः सांग, नुसत्या सापेक्ष सुटीवर राहू नकोस — मुळात सापेक्ष सूट एक कोटीत एक भाग आणि निरपेक्ष सूट शून्य असते, त्यामुळे अपेक्षित उत्तर शून्य असलं की सुटीचा गुणाकारही शून्य. आपल्याकडे कोरड्या दिवसाचं उत्तर शून्यच असतं, आणि वर्षातले बरेच दिवस कोरडे असतात.

११. टेस्ट फेल झाली म्हणून सूट ढिली करायचा मोह झाला तर आधी कितवा अंक हलला ते बघ, आणि कारण त्याच ओळीवर लिही — २०२४ मध्ये गिटहबवरचा 'मॅकओएस-लेटेस्ट' ॲपलच्या एम चिपवर गेला. तिथे कंपायलर गुणाकार-बेरीज एकाच सूचनेत उरकू शकतो, म्हणजे दोनदा होणारं गोलाकरण एकदाच होतं आणि शेवटचे अंक हलतात. हे मी असं लक्षात ठेवते: शेवटचा अंक हलला तर यंत्र बघावं, तिसरा हलला तर आपला कोड.

१२. विंडोजवर एक जॉब जुन्या, २.० च्या आधीच्या नम्पायचा ठेव, निदान आपण ती आवृत्ती चालते असं सांगतो तोवर — तिथे साधा पूर्णांक ३२ बिटांचा असायचा, त्यात २१४ कोटींच्या थोडं पुढे जागाच नाही. ॲरेमधल्या ५०,००० चा वर्ग केला की २५० कोटींऐवजी उणे १७९ कोटींच्या घरातला आकडा येतो, आणि कुठेही तक्रार होत नाही.

१३. स्टेशनांच्या यादीत मराठी नावांचा स्तंभ आहे तो टेस्टमध्येही असू दे, आणि फाइल उघडताना दर वेळी 'यूटीएफ-८' लिही — विंडोजवर पायथन अजून बऱ्याच ठिकाणी जुनी पाश्चात्त्य लिपी-सारणी धरून वाचतो. त्यात 'सातारा' निमूटपणे अगम्य चिन्हांत वाचला जातो, आणि 'रत्नागिरी'तल्या हलन्तापाशी प्रोग्राम कोसळतो. दोन्हींत साताऱ्याचं दुखणं जास्त वाईट, कारण ते दिसत नाही. एखाद्या टेस्टचा फोल्डरही 'पर्जन्य नोंदी' असा, मधे मोकळी जागा सोडून, ठेव. लोकांच्या लॅपटॉपवर असेच फोल्डर असतात.

आता एक गोष्ट नीट बसून सांगते, कारण ती आपल्या पावसाची आहे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजतात, आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेच्या नावावर लिहितात. मुंबईच्या २००५ च्या महापुराचा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटरचा आकडा म्हणूनच २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा आहे, जरी आपण सगळे त्या दिवसाला 'सव्वीस जुलै' म्हणतो. मी तोच आकडा नमुन्याच्या फाइलमध्ये घेतला होता. लॅपटॉपवर चालवून बघितलं, तर पॅकेजने ९४४ समोर २६ जुलै छापलं. मला हायसं वाटलं. बरोबरच की! मग सर्व्हरवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं, तिला २७ दिसत होतं. तिचंच काहीतरी चुकतंय असं समजावणारं उत्तर माझं अर्धं लिहून झालं होतं.

चुकत होतं माझं. कोडमध्ये एका जागी तारखेला वेळक्षेत्र जोडलेलं नव्हतं. पुण्यातल्या यंत्रावर २७ ची मध्यरात्र यूटीसीत नेली की २६ च्या संध्याकाळचे साडेसहा होतात, आणि त्यातली नुसती तारीख उचलली की एक दिवस मागे. १ जूनचा पाऊस मे महिन्यात जमा, १ जुलैचा जूनमध्ये. सीआयची यंत्रं यूटीसीवर चालतात, तिथे साडेपाच तासांचा फरकच नाही, म्हणून खूण कायम हिरवी. आणि माझ्या लॅपटॉपवरची चूक माझ्या आठवणीशी जुळली, म्हणून ती मला खरी वाटली. तो अर्धा लिहिलेला कागद मी अजून जपून ठेवला आहे.

१४. म्हणून लिनक्सच्या दोन जॉबना घड्याळ बदलून दे, एकाला 'आशिया/कोलकाता' आणि एकाला 'अमेरिका/न्यूयॉर्क' — एक यूटीसीच्या पुढे, एक मागे, आणि आपला तो वरचा अर्धा तास पूर्ण तास धरून लिहिलेल्या कोडला लगेच उघडा पाडतो.

१५. पत्र पाठवणाऱ्याला उत्तर देण्याआधी त्याच्या यंत्राचं वर्णन विचारून घे, आणि शक्य तर तसाच एक जॉब उभा करून बघ — आपलं हिरवं आणि त्याचं लाल, ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

१६. टेस्टला इंटरनेटवर जायला लावू नकोस, नमुना पॅकेजबरोबरच ठेव — हवामान विभागाच्या पुण्याहून मिळणाऱ्या पाव अंशाच्या जाळीत १३५ गुणिले १२९ चौकटी आणि १९०१ पासूनचे सगळे दिवस असतात. आपल्याला चार बाय चारचा तुकडा आणि दहा दिवस पुरतात. मात्र त्यात समुद्रावरची एक चौकट असू दे, जिथे नोंद नाही म्हणून उणे ९९९ लिहिलेलं असतं. ते सरासरीत मिसळलं तर कोकणात उणे पाऊस पडतो.

१७. खरा डेटा अजून उतरवता येतो का, हे आठवड्यातून एकदा वेगळ्या जॉबमध्ये तपास — दुसऱ्याचा सर्व्हर दुपारी बंद होता म्हणून एखाद्या पोराची नीट केलेली दुरुस्ती अडकून राहू नये.

१८. यादृच्छिक आकडे लागले तर बीज स्वतः दे, पण आलेले आकडे जसेच्या तसे टेस्टमध्ये चिकटवू नकोस — नम्पायचा नवा जनरेटर एकाच बीजातून प्रत्येक आवृत्तीत तेच आकडे येतील असं वचन देत नाही. बेरीज, मर्यादा, क्रम असे गुण तपास.

१९. टेस्ट चालताना इशाऱ्यांना चूक मानायला पायटेस्टला सांग — नम्पायने 'एनपी डॉट फ्लोट' जाणार असल्याचा इशारा जानेवारी २०२१ च्या १.२० मध्ये दिला आणि डिसेंबर २०२२ च्या १.२४ मध्ये ते नावच काढून टाकलं. जवळजवळ दोन वर्षं दारावर थाप पडत होती. डिस्टयुटिल्सचंही तसंच, ३.१० मध्ये निरोप आणि ऑक्टोबर २०२३ च्या ३.१२ मध्ये घर रिकामं.

मी हे इशारे बरीच वर्षं गप्प करून ठेवायची, लॉग वाचायला अडचण होते म्हणून. तसं करू नकोस.

२०. आठवड्यातून एक फेरी नम्पाय, सायपाय, पांडाजच्या रोजच्या कच्च्या व्हील्सवर मार, आणि ती पडली तर आपोआप एक इश्यू उघडू दे — नम्पाय २.० जून २०२४ मध्ये आलं तेव्हा १.x वर कंपाइल केलेले सायथनचे तुकडे त्याच्यावर चालेनात, पण २.० वर कंपाइल केलेले जुन्या नम्पायवरही चालत होते. ज्यांनी आधीच फेरी मारली होती त्यांची व्हील्स तयार होती.

२१. आणि एक फेरी सगळ्यात जुन्या आवृत्त्यांवर मार, ज्या आपण पायप्रोजेक्टच्या फाइलमध्ये किमान म्हणून लिहितो — लिहिलेला किमान आकडा हे वचन असतं, आणि न तपासलेलं वचन सहा महिन्यांत खोटं होतं. कधी जुनं सोडायचं याचा वाद घालत बसू नकोस; वैज्ञानिक पायथनच्या मंडळींनी 'स्पेक ०' मध्ये पायथनला तीन वर्षं आणि मुख्य पॅकेजांना दोन वर्षं अशी रीत घालून दिली आहे, तीच धर.

२२. कमाल आवृत्तीचं कुलूप मात्र सहसा लावू नकोस — आपलं पॅकेज एकटं राहत नाही, दहा पॅकेजांच्या एकत्र कुटुंबात राहतं. आपल्या एका कुलपामुळे सगळ्यांचं बिऱ्हाड अडतं.

२३. ठरावीक वेळेच्या फेऱ्या तासाच्या ठोक्यावर ठेवू नकोस, सतरा किंवा त्रेचाळीस मिनिटांवर ठेव — ठोक्यावर सगळ्या जगाची गर्दी असते. वेळ यूटीसीत लिहायची असते हे विसरू नकोस, तिथले शून्य वाजले की आपल्याकडे पहाटेचे साडेपाच.

२४. महिन्याच्या एक तारखेला त्या फेऱ्या खरंच चालल्या का ते बघ — सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर गिटहब त्या बंद करतं. लाल काही दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त, आणि तिथे पहारेकरीच घरी गेलेला.

आता रिलीज. तुला त्याची भीती वाटते, हे मागच्या वेळी तू माझ्या खुर्चीमागे उभी राहून श्वास रोखून बघत होतीस तेव्हाच मला कळलं. भीती दुर्मिळपणाची असते. वर्षातून एकदा पुरणपोळी करणारीचा हात थरथरतो, रोज पोळी लाटणारीचा नाही.

२५. रिलीज लहान आणि वारंवार कर, दोन महिन्यांनी एक तरी — दहा बदलांतली चूक शोधायला तास लागतो, दोनशे बदलांतली शोधायला पंधरवडा.

२६. टेस्ट उघड्या कोडवर चालवून थांबू नकोस. व्हील बांध, रिकाम्या पर्यावरणात बसव, दुसऱ्याच फोल्डरमध्ये जाऊन तिथून टेस्ट चालव — आपली स्टेशनांची सीएसव्ही फाइल एका रिलीजमध्ये व्हीलमध्ये गेलीच नव्हती, आणि माझ्या यंत्रावर ती शेजारीच पडलेली असल्यामुळे सगळं सुरळीत चाललं. डबा भरलाय का ते ओट्यापाशी कळत नाही, ऑफिसात उघडल्यावर कळतं. कोड 'एसआरसी' फोल्डरच्या आत ठेवला आहे तो याचसाठी, तो तिथून हलवू नकोस.

२७. व्हीलइतकीच काळजी सोर्सच्या गठ्ठ्याची घे, त्यातूनही एकदा बांधून बघ — कोंडा-फोर्जची मंडळी बहुतेक वेळा त्यातूनच पॅकेज बांधतात, आणि त्यात सायथनची एक फाइल राहून गेली तर त्यांचा दिवस जातो.

२८. सगळ्या यंत्रांची व्हील्स 'सीआयबिल्डव्हील'कडून बांधून घे, लॅपटॉपवर बांधलेलं व्हील कधीही चढवू नकोस — लॅपटॉपवर काय काय बसवलेलं आहे हे आपल्यालाच आठवत नाही.

२९. आवृत्तीचा आकडा हाताने दोन जागी लिहू नकोस, गिटच्या टॅगमधून येऊ दे, आणि चेकआउट करताना पूर्ण इतिहास माग — मुळात फक्त शेवटचा कमिट येतो, टॅग दिसत नाही, आणि पॅकेज भलत्याच आकड्याने जन्माला येतं.

३०. मोठ्या रिलीजआधी 'आरसी' चढव आणि आठवडाभर थांब — पायपीआयवर एकदा वापरलेलं फाइलचं नाव पुन्हा वापरता येत नाही, फाइल पुसली तरी नाही. टपालपेटीत पडलेल्या पत्राला खाडाखोड नसते. पिप कच्च्या आवृत्त्या न मागता बसवत नाही, त्यामुळे आरसीचा बेसावध माणसाला त्रास होत नाही.

३१. चुकीची आवृत्ती बाहेर गेलीच तर ती पुसू नकोस. 'यँक' कर, कारण लिही आणि दुरुस्त आवृत्ती पुढचा आकडा देऊन काढ — यँक केलेली आवृत्ती नव्या माणसाला मिळत नाही, पण ज्याने तीच नेमकी आवृत्ती प्रबंधात नोंदवली आहे त्याचं गणित पुन्हा करता येतं. विज्ञानात चुकीची आवृत्तीही पुरावा असते.

३२. पायपीआयचं टोकन कुठे साठवू नकोस, 'ट्रस्टेड पब्लिशिंग' वापर — एप्रिल २०२३ पासून ही सोय आहे. पायपीआय त्या एका वर्कफ्लोला ओळखतं आणि पंधरा मिनिटांपुरतंच टोकन देतं. जी किल्ली घरात नाही ती हरवत नाही.

३३. दोन-टप्पी ओळख १ जानेवारी २०२४ पासून सगळ्यांनाच सक्तीची आहे, तेव्हा परत मिळवण्याचे कोड कागदावर छापून घरच्या कागदपत्रांत ठेव — फोन पाण्यात पडतो तो नेमका रिलीजच्या दिवशी.

३४. प्रकाशनाचा जॉब वेगळा ठेव, त्याला दुसऱ्या माणसाची मंजुरी लागू दे, आणि त्यात जुना कॅश वापरू नकोस — डिसेंबर २०२४ मध्ये अल्ट्रालिटिक्स या बहुचर्चित पॅकेजच्या बिल्डमध्ये बाहेरच्या पीआरच्या वाटेने विषारी कॅश शिरला आणि चोरून नाणी खोदणारा कोड थेट पायपीआयवर पोचला. कोडच्या रिपॉझिटरीत तो कुणाला वाचून सापडला नसता.

३५. दुसऱ्यांच्या तयार ॲक्शन टॅगच्या नावाने नाही, कमिटच्या पूर्ण हॅशने पिन कर, आणि वर्कफ्लोच्या माथ्यावर परवानगी फक्त वाचण्याची दे — मार्च २०२५ मध्ये २३,००० हून जास्त रिपॉझिटरींत वापरल्या जाणाऱ्या एका ॲक्शनचे जुने टॅग कुणीतरी घातक कमिटकडे वळवले, आणि गुपितं लॉगमध्ये छापली गेली. टॅग ही पाटी असते, पाटी हलवता येते. हॅश हे घराचं बांधकाम.

३६. रिलीज मंगळवारी सकाळी कर, शुक्रवारी संध्याकाळी नको — पायपीआयवर आवृत्ती दिसली की काही तासांत कोंडा-फोर्जचा बॉट पीआर उघडतो, दुसऱ्या दिवशी पहिल्या तक्रारी येतात, आणि त्या वेळी तू जागी आणि मोकळी असायला हवीस.

३७. बदलांची नोंद रिलीजच्या रात्री आठवून लिहू नकोस, प्रत्येक पीआरबरोबर एक ओळ माग — आणि ज्या बदलाने आकडा बदलतो ती ओळ सगळ्यात वर. 'सरासरी काढताना आता नोंद नसलेले दिवस वगळले जातात', इतकं स्पष्ट.

३८. प्रत्येक रिलीजला झेनोडोवरून डीओआय मिळतो ना, ते बघ — सर्नच्या आधाराने चालणारी ही सेवा फुकट आहे, आणि संशोधकाला नेमकी कोणती आवृत्ती वापरली ते एका ओळीत सांगता येतं.

३९. रिलीजच्या पायऱ्या फाइलमध्ये लिहिलेल्या आहेत. दर वेळी त्या फाइलवर बोट ठेवून चाल, आणि पाय अडखळला त्या जागी फाइल दुरुस्त कर — पाठ असलेली गोष्ट आजारपणात दुसऱ्याला देता येत नाही. पायपीआयवर मालकीचा हक्क कायम दोघांकडे असू दे, हेही त्याचसाठी.

४०. पहिल्यांदा पीआर पाठवणाऱ्याचा सीआय आपल्या मंजुरीसाठी थांबतो. बदल वाच, वर्कफ्लोला हात लावलेला नाही ना ते बघ, आणि त्याच दिवशी मंजुरी दे — नाशिकच्या एका पोराने पाठवलेली दुरुस्ती मी तीन आठवडे तशीच ठेवली होती. ती बरोबर होती. तो पुन्हा आला नाही.

येत्या मंगळवारी पुढची आवृत्ती काढायची आहे. आरसी गेला आठवडाभर बाहेर आहे, तक्रार एकही नाही, दोन्ही घड्याळांचे जॉब हिरवे आहेत. टॅग तू लाव. मंजुरीचं बटण मी दाबेन, तेही तू पायऱ्यांची फाइल मला मोठ्याने वाचून दाखवल्यावर. सकाळी नवाला ये, पोहे करून ठेवते.